परक्या देशात शिकवताना उपकारस्तुती: तुमची रीत सांगा

परदेशात शिकवणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकांसाठी हा धागा. उपकारस्तुतीसाठी, म्हणजे देवाचे आभार मानण्यासाठी, तुम्ही नेमकं काय करता, किती वेळ करता आणि ते कुठे फसतं, एवढंच लिहा. सुरुवात माझ्याकडून. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ (१ थेस्सलनीकाकर ५:१८) या बायबलच्या वचनात ‘स्थितीत’ म्हटलंय, ‘स्थितीबद्दल’ नाही. व्हिसा अडकला म्हणून आभार मानायचे नाहीत. तो अडकलेला असतानाही मानायचे. हा फरक कळला नाही की माणूस प्रार्थनेत खोटं बोलायला लागतो, आणि दोन-तीन महिन्यांत प्रार्थनाच सुटते.

प्रतिसाद १

वही ठेवा. रोज तीनच ओळी, त्याही मराठीत. दिवसभर परक्या भाषेत शिकवून डोकं शिणलेलं असतं. मायबोलीत लिहिलं की मन लवकर मोकळं होतं. वेळ शाळा सुटल्यावर लगेचची, वह्या तपासायला घेण्याआधीची. रात्रीवर ढकललं तर आठवतो तो फक्त थकवा.

वही बंद पडते ती मोघमपणामुळे. ‘देवा, आजच्या दिवसाबद्दल आभार’ असं चार दिवस लिहिलं की पाचव्या दिवशी लिहायला काही उरत नाही. त्याऐवजी ‘तिसऱ्या तासाला खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीने न विचारता उत्तर दिलं, आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं’ असं लिहा. मुलांची पूर्ण नावं मात्र लिहू नका, आद्याक्षर पुरे. वही स्टाफरूममध्ये विसरली तर ती भलत्याच्या हाती लागते.

प्रतिसाद २

ज्यांना वही जमत नाही त्यांनी संत इग्नाती लोयोला यांची आत्मपरीक्षणाची रीत करून पाहावी. ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या ग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, त्यात ती आहे. पायऱ्या पाच: मिळालेल्या दानांबद्दल आभार, आपली पापं ओळखण्यासाठी कृपा मागणं, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमा, आणि सुधारण्याचा निश्चय. आभार पहिले आहेत, हे महत्त्वाचं. शिक्षक सवयीने चुका शोधायला आधी बसतो, लाल पेन हातातच असतं. क्रम उलटा केला की ही प्रार्थना स्वतःचं प्रगतिपुस्तक होऊन बसते. दहा-बारा मिनिटं पुरतात. शिक्षकांसाठी एक सोय: ‘तासातासाने’ म्हणजे शाळेचं वेळापत्रकच समोर धरायचं.

प्रतिसाद ३

हजेरीपट घ्या. वर्गात तीस मुलं असतील तर रोज सहा, पाच दिवसांत पट पुरा. प्रत्येकासाठी एकच वाक्य आभाराचं, मग विनंती. छळणाऱ्या मुलाच्या नावाशी अडायला होतं. तिथे गुण शोधत बसू नका, त्याने त्या आठवड्यात केलेली एक कृती शोधा. तीही सापडली नाही तर नुसतं नाव घ्या आणि पुढे जा. हे सगळं मनात किंवा घरी. काही देशांत वर्गात धर्माविषयी बोलण्यावर कायद्याने बंधनं आहेत. करारपत्र आणि शाळेचे नियम आधी वाचा.

प्रतिसाद ४

एक सावधगिरी. गरीब विद्यार्थी पाहून ‘देवा, आपलं त्यांच्यासारखं नाही’ असे आभार मनात येतात. लूक १८ मधल्या परूश्याची, म्हणजे स्वतःला नीतिमान समजणाऱ्या धर्मनिष्ठ यहुद्याची, प्रार्थना हीच होती. तुलनेवर उभे असलेले आभार आपल्यापेक्षा सुखी सहकारी भेटला की कोसळतात.

दुसरं, पगार थकला किंवा करारात नसलेले तास माथी मारले तर ‘कृतज्ञ राहा’ म्हणत गप्प बसू नका. तारखांसह लेखी तक्रार करा. स्तोत्र १३ वाचा: सहाच वचनं. सुरुवात ‘कोठवर’ अशी, तोच शब्द चार वेळा येतो, आणि गाणं येतं ते अगदी शेवटी. तक्रार आभारांच्या आड येत नाही, हे त्या स्तोत्रानेच शिकवलंय.

प्रतिसाद ५

४ शी सहमत. पहिल्या सत्रात घरची ओढ फार छळते, त्या दिवसांत यिर्मया २९ वाचावं. बाबेलला नेलेल्या यहुदी बंदिवानांना आलेलं ते पत्र आहे: घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मुक्काम ७० वर्षांचा सांगितलाय, आपला करार बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो. याचा साधा अर्थ असा की खोके उघडा, भिंतीला खिळा ठोका, शिपाई आणि सफाई कामगारांची नावं त्यांच्या उच्चारात शिकून घ्या. धन्यवाद नावानिशी आणि त्यांच्या भाषेत म्हणावेत. लूक १७ मध्ये बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला जो एकटा परतला, तो परकाच होता.

प्रतिसाद ६

उपासना न कळणाऱ्या भाषेत असेल तर: अनेक मंडळ्या तीन वर्षांच्या पाठक्रमाप्रमाणे, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलचे कोणते उतारे हे ठरवलेल्या यादीप्रमाणे, वाचतात. त्या रविवारचे पाठ शनिवारी रात्री मराठी बायबलमधून वाचून जा, म्हणजे निदान वाचनाच्या वेळी आपण हरवत नाही. पाठक्रमाचं वर्ष बदलतं ते नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, जानेवारीत नव्हे. तिथे हमखास घोळ होतो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना हळू आवाजात मराठीतच म्हणा. आपली गती त्यांच्याशी जुळणार नाही, मागे राहिलात तरी घाईने शब्द गाळू नका.