गव्हाण : गव्हाची की गाईची?

चोपडेकर : ख्रिस्तजयंतीआधीच्या आगमनकाळात आमच्याकडे रात्रीच्या जेवणाआधी त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा उतारा, वाचतात. १७ डिसेंबरपासून मत्तय आणि लूक यांचे पहिले अध्याय, आणि २४ ला रात्री लूकचा दुसरा. काल तो आधीच वाचून बघत होते. बाळ येशूला 'गव्हाणीत ठेवले' इथे मुलीनं अडवलं, "आई, गव्हाण म्हणजे गहू ठेवायची जागा ना?" बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, हे तिनं धर्मशिक्षणात ऐकलंय. त्यामुळे मलाही ते पटलं. खरं काय?

धरणगावकर : ताई, गव्हाशी नातं नाही. संस्कृतात गवादनी असा शब्द आहे, गो अधिक अदन. अदन म्हणजे खाणं. गाईनं जिथे खायचं ती जागा. तीच झिजत गव्हाण झाली. गहू आला गोधूमवरून. आपण गव्हाचा, गव्हात म्हणतो, म्हणून कान फसतो.

अहिराणीत ण चा न होतो, माझी माय गव्हानच म्हणायची. आमची दगडमातीची होती. बैलांच्या माना घासून काठ काचेसारखा गुळगुळीत झालेला. सकाळी हात घातला की दादर ज्वारीच्या कडब्याचे न खाल्लेले बुडखे लाळेनं ओले लागायचे. ख्रिस्तजयंतीच्या देखाव्यातलं स्वच्छ, सोनेरी गवत बघितलं की मला ते बुडखे आठवतात. मरियेनं बाळ ठेवलं ते असल्या जागी.

एक मात्र खटकतं. अख्ख्या देखाव्याला लोक गव्हाण म्हणतात. तो गोठा, गव्हाण त्याच्या आत. आणि लूकनं गोठा लिहिलेलाच नाही! त्यानं गव्हाण लिहिली, तीही तीनदा : दुसऱ्या अध्यायाच्या ओवी ७, १२ आणि १६. पहिल्या दोन ख्रिस्तजयंतीच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ऐकू येतात, तिसरी पहाटेच्या.

भुसावळकर : बैल आणि गाढवही लूकमध्ये नाहीत. ते आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून, तिसरी ओवी : बैलाला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माझ्या लोकांना कळत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण मांडली, आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. म्हणून पोरीचं शब्दाचं मूळ चुकलं तरी अर्थ चुकला असं मी म्हणणार नाही. खाण्याच्या जागी ठेवलेलं बाळ पुढे 'मी जीवनाची भाकर आहे' म्हणालं.

चोपडेकर : भाऊ, तिला हे वाचून दाखवलं. लगेच काकांच्या गोठ्यात घेऊन चल म्हणाली. बैल कुट्टी खात होता, तो बाजूला होईपर्यंत थांबली आणि गव्हाणीच्या तळाला हात लावून म्हणाली, "हे तर गार आहे." उद्या घरून जुनी गोधडी नेणार आहे, देखाव्यातल्या गव्हाणीत घालायला.