अमेरिकेतील नदीकाठच्या टाउनशिपचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या यांचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न — अक्षांश

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील ग्रामीण टाउनशिपांविषयी मी मराठीत छोट्या नोंदी लिहीत आहे. इतर ठिकाणी काम सरळ चालते, पण नदीकाठची टाउनशिप आली की अडते. बहुतेक टाउनशिपांचे क्षेत्रफळ छत्तीस चौरस मैलांच्या जवळपास असते, तर नदीकाठी ते पुष्कळदा बरेच कमी भरते. शिवाय त्यात जमीन वेगळी आणि पाणी वेगळे दाखवलेले असते. लोकसंख्येला एकूण क्षेत्रफळाने भागले, तर छापलेली घनता जुळत नाही. त्यातच ‘टाउनशिप’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गृहसंकुल उभे राहते, आणि येथे तर चार-पाचशे माणसे शेतांमधून विखुरलेली असतात. हे एकक नेमके काय आहे आणि त्याची लोकसंख्या सहसा घटतच का जाते, हे कोणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद — नकाशावाचक

आपली अडचण रास्त आहे, कारण एकाच शब्दाखाली दोन गोष्टी नांदतात. पहिली भूमापनाची टाउनशिप. २० मे १७८५ रोजी संमत झालेल्या भूमी अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडील सार्वजनिक जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखण्याचे ठरवले आणि ओहायो नदीच्याच काठी, आजच्या ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ, मोजणीचा आरंभबिंदू निश्चित झाला. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस खंड, प्रत्येक खंड एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा, आणि सोळावा खंड शाळेसाठी राखीव. १७९६ च्या कायद्यानंतर खंडांचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, खालच्या ओळीत पूर्वेकडे वळतात, आणि नांगराच्या बैलजोडीसारखे पुन्हा उलटे फिरतात. मोजणीची साखळी ६६ फुटांची असे. अशा ऐंशी साखळ्यांचा एक मैल होतो आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, त्यामुळे रानात उभ्या असलेल्या मोजणीदारालाही क्षेत्रफळ काढताना अपूर्णांकांशी झगडावे लागत नसे.

नदीला मात्र हा चौकोन मान्य नसतो. मोठी नदी आडवी आली की मोजणीदार तिच्या काठाकाठाने, प्रत्येक वळणाची दिशा आणि अंतर टिपत, एक वाकडीतिकडी रेषा आखत असत. ही रेषा मालकीची शीव नव्हती. काठावर विकण्याजोगे किती एकर उरले, एवढेच तिच्यावरून मोजले जाई. परिणामी नदीकडचे खंड अर्धेमुर्धे राहिले आणि टाउनशिपही अपुरी राहिली. आपल्याला दिसणाऱ्या कमी क्षेत्रफळाचे कारण बहुधा हेच असेल.

दुसरी ती प्रशासकीय टाउनशिप, म्हणजे काउंटीचा (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचा) उपविभाग. पुष्कळ ठिकाणी तिची हद्द मोजणीच्या चौकोनावरच बेतलेली असते, पण तसे असलेच पाहिजे असा नियम नाही. नोंद लिहिताना ‘काउंटीचा उपविभाग’ हे शब्द पहिल्याच वाक्यात घालावेत. गृहसंकुलाचा गैरसमज तेथेच थांबेल.

प्रतिसाद — शिरगणती

घनतेचे कोडे सोपे आहे. अमेरिकेचा जनगणना विभाग घनता केवळ जमिनीच्या क्षेत्रफळावर काढतो. समजा, ३६ चौरस मैलांपैकी ६ चौरस मैल पाणी आहे आणि वस्ती ३०० आहे. मग घनता चौरस मैलाला १० येईल, ८.३ नव्हे. सपाट शेतजमिनीच्या टाउनशिपमध्ये हा फरक जाणवत नाही, नदीकाठी जाणवतो.

याहून मोठी चूक तुलनेत होते. मिशिगनमध्ये ‘व्हिलेज’ दर्जाच्या गावातील रहिवासी टाउनशिपच्या संख्येत धरले जातात, पण ‘सिटी’ दर्जाच्या गावातील धरले जात नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये, जेथे या एककाला ‘टाउन’ म्हणतात, दोन्ही प्रकारची गावे त्याच्या बाहेर असतात. म्हणून नदीकाठचे एखादे गाव नव्याने सिटी झाले, तर कोणीही घर न सोडता टाउनशिपची लोकसंख्या एका जनगणनेत कोसळलेली दिसू शकते.

घट मात्र पुष्कळदा खरीच असते, आणि तिचे मूळ त्या चौकोनातच सापडते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर, म्हणजे खंडाचा चतकोर, मिळत असे. छत्तीस खंडांचे चतकोर १४४ होतात. सगळे वसले आणि घरटी पाच माणसे धरली, तर टाउनशिपची वस्ती ७२० भरते. आता २०२२ च्या कृषिगणनेतील ४६३ एकर ही देशाची सरासरी शेती घ्या. त्याच २३,०४० एकरांत जेमतेम पन्नास शेते मावतात, आणि कुटुंबाचा आकारही अडीच माणसांच्या आसपास आला आहे. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक टाउनशिपला लागू पडणार नाही. तरीही यंत्रांनी शेती केल्यावर माणसे कोठे गेली, ते यावरून उमगते.

एक सावधगिरी २०२० च्या आकड्यांबाबत बाळगावी. व्यक्तींची माहिती गुप्त राहावी म्हणून त्या वर्षी लहान प्रदेशांच्या आकड्यांत हेतुतः थोडा फेरफार करण्यात आला; राज्यांच्या एकूण लोकसंख्येला तो लावला नाही. नायोब्रारा आणि मिझुरी या नद्यांच्या मधल्या मुलखातील मोनोवाय या नेब्रास्कातील गावात एकच रहिवासी होती, पण जनगणनेत दोन माणसे छापली गेली. तेव्हा लहान टाउनशिपमध्ये दोन-चार माणसांच्या फरकावरून ‘वाढ’ किंवा ‘घट’ असे शब्द वापरू नयेत.

प्रतिसाद — मळई

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण नदी जागची हलते हे त्यांत आलेले नाही. काठावर हळूहळू गाळ साचून पात्र सरकले, तर शीव पात्राबरोबर सरकते. पुरात नदीने एकाएकी नवी वाट धरली, तर शीव जुन्या पात्रातच राहते. १८९२ मध्ये नेब्रास्का आणि आयोवा या राज्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले, आणि म्हणूनच कार्टर लेक हे आयोवाचे गाव आज मिझुरी नदीच्या नेब्रास्काकडील बाजूला आहे.

कास्कास्किया या गावाचे मला फार वाईट वाटते. १८१८ मध्ये ते इलिनॉय राज्याची पहिली राजधानी होते. १८८१ च्या पुरात मिसिसिपीने कास्कास्किया नदीच्या पात्रात मुसंडी मारली, जुन्या गावाचा बहुतेक भाग गिळला आणि उरलेला भूभाग पश्चिम तीरावर टाकला. आज इलिनॉयच्या या गावात जायचे तर मिझुरी राज्यातून जावे लागते. २०१० मध्ये तेथे १४ माणसे मोजली गेली. इलिनॉयमधीलच व्हालमायर हे गाव तर १९९३ च्या महापुरानंतर पूरमैदान सोडून उंच कड्यावर नव्याने वसवले गेले. नकाशावर नाव तेच राहिले, जागा बदलली.

म्हणून नोंदीत ‘नदीकाठी वसलेली’ एवढेच लिहू नये. वस्ती पूरमैदानात आहे की कड्यावर, तटबंधाच्या आत आहे की बाहेर, हे लिहावे. टाउनशिपच्या पाच-सहा खंडांत एकही घर का नाही, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच असते.

अक्षांश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जमीन आणि पाणी हे स्तंभ मी एकत्र करून टाकले होते. ते आज पुन्हा वेगळे करतो आणि घनता जमिनीवरूनच काढतो. व्हिलेज आणि सिटी यांचा नियम राज्यागणिक तपासावा लागणार, हे लक्षात आले. एवढे सांगावे: एकाच टाउनशिपची जुनी व नवी लोकसंख्या शेजारी द्यायची असेल आणि मधल्या काळात हद्द बदललेली असेल, तर काय करावे?

शिरगणती

दोन्ही आकडे द्यावेत, पण टक्केवारी काढू नये. हद्द कोणत्या वर्षी आणि कशामुळे बदलली, ते त्याच ओळीत लिहावे.