जॉन विंचेस्टरसाठी तुमचा जीव कधी तुटला? (अनुभव धागा)

'सुपरनॅचरल' ही अमेरिकन भयमालिका १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली आणि १५ सीझन, ३२७ भाग करून नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. सॅम आणि डीन या भावांबद्दल लोक भरभरून बोलतात. त्यांच्या वडिलांचा, जॉनचा विषय निघाला की मात्र दोन शब्दांत निकाल लागतो : वाईट बाप. मला हे पटत नाही. तो चुकला, मुलांचं बालपण त्याने नासवलं, सगळं मान्य. पण २ नोव्हेंबर १९८३ ची ती रात्र आठवा. कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव, सहा महिन्यांच्या सॅमची खोली, बायको छताला खिळलेली आणि डोळ्यांदेखत पेटलेली. चार वर्षांच्या डीनच्या हातात बाळ देऊन जॉन त्याला बाहेर पळायला आणि मागे वळून न बघायला सांगतो. डीनचं लहानपण त्याच क्षणी संपलं. त्या क्षणानंतर जॉनही पुन्हा पहिल्यासारखा बाप होऊ शकला नाही, असं मला वाटतं. बायकोला मारणाऱ्याच्या शोधात, भुताराक्षसांची शिकार करत तो दोन्ही मुलांना घेऊन गावोगाव फिरत राहिला.

मालिका पाहताना त्याच्याबद्दल कधी कळवळा आला असेल, आपल्याच आयुष्यातल्या कशामुळे आला असेल, तर लिहा. विरोधी मतही हवंच आहे. रहस्यं फुटणार आहेत, मालिका पाहिली नसेल त्यांनी जपून.

*

मी घरातली थोरली. वडिलांची फिरतीची नोकरी, आई अंथरुणाला खिळलेली, पाठची दोन भावंडं माझ्या जिवावर. त्यामुळे पहिल्या सीझनमधला 'समथिंग विकेड' हा १८ वा भाग माझ्या अंगावर आला. जॉन लहानग्या डीनला मोटेलच्या खोलीत सूचना देतो. फोन आधी एकदा वाजून बंद होईल, मग पुन्हा वाजेल, तरच उचलायचा. रविवारी रात्रीपर्यंत मी आलो नाही तर पास्टर जिमला (जॉनच्या ओळखीच्या धर्मगुरूला) फोन करायचा. दारं-खिडक्या बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॅमीवर लक्ष ठेवायचं. डीन सगळं घडाघडा म्हणून दाखवतो. हे पाठांतर मला नवीन नव्हतं. गॅसचा कॉक, आईच्या गोळ्यांची वेळ, शेजारच्या काकूंचा नंबर, कोणाला दार उघडायचं नाही... आमच्याकडेही वडील निघण्याआधी अशीच उजळणी व्हायची.

पुढे काय होतं ते माहीतच आहे. कोंडून कंटाळलेला डीन थोडा वेळ बाहेर व्हिडिओ गेम खेळायला जातो, परत येतो तर श्त्रिगा, म्हणजे मुलांचा जीव शोषणारी चेटकीण, सॅमवर वाकलेली. हातात बंदूक असूनही तो थिजतो. ऐन वेळी जॉन येऊन गोळ्या झाडतो, पण ती निसटते. जॉन त्याबद्दल नंतर कधीच बोलला नाही, पण त्याची नजर बदलली, असं मोठा झालेला डीन सांगतो.

बहुतेकांना इथे जॉनचा संताप येतो. मला येत नाही असं नाही. पण मी त्या प्रसंगात जॉनचा चेहरा बघत बसते. सॅमला छातीशी घट्ट धरलेला असतो आणि डीनवर ओरडत असतो. तो घाबरलाय हो! माझे वडील घाबरले की असेच ओरडायचे. धाकटा एकदा जिन्यावरून पडला तेव्हा डॉक्टरकडे नेण्याआधी त्यांनी मला झापलं होतं. तो जिना आणि ते ओरडणं मी विसरलेली नाही. पण घाबरलेल्या माणसाचा आवाज कसा असतो हे मला आता ओळखू येतं, आणि जॉनच्या आवाजात तो पहिल्या वेळीच ऐकू आला.

*

मला दोन मुलगे आहेत, म्हणून शंभर डॉलरची गोष्ट. 'डेड मॅन्स ब्लड' या भागात जॉन सॅमला सांगतो की तू जन्मलास त्या दिवशी तुझ्या नावाने खातं उघडून शंभर डॉलर टाकले, डीनच्या वेळीही तेच केलं, दर महिन्याला भर घालत होतो, कॉलेजसाठी. पुढे सॅम त्या पैशांचं काय झालं विचारतो, तर ते गोळ्या-काडतुसांत गेलेले असतात. दोघं हसतात. मला हसू आलं नाही. खातं उघडणारा बाप आणि ते मोडून काडतुसं घेणारा बाप एकच आहे आणि दोन्ही वेळेला त्याच्या मनात मुलंच होती. त्याच बोलण्यात तो कबूलही करतो की वाटेत कुठेतरी मी तुमचा बाप राहिलो नाही, ड्रिल सार्जंट झालो.

*

माझी पत्नी अचानक गेली. साधं दुखणं म्हणून नेलं होतं. नंतर कितीतरी काळ मी तिचे रिपोर्ट घेऊन बसायचो. कोणती गोळी किती वाजता दिली, रक्ताचा कोणता आकडा कधी वाढला, कोणत्या डॉक्टरने काय लिहिलं. वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी खुणा केल्या होत्या. नातेवाईक म्हणायचे, सोड आता, मुलीकडे बघ. मुलीकडे बघवत नव्हतं, ते कोणाला सांगणार? तिचं नाक, हनुवटी सगळं आईचं.

त्यामुळे जॉनची ती शिकारीच्या नोंदींची डायरी, त्यात डकवलेली कात्रणं, चित्रं, गिचमिड नोंदी, हे मी भयकथेतली वस्तू म्हणून पाहूच शकत नाही. घराला आग लागली आणि बायको गेली, एवढंच जगाला दिसलं. आपण छतावर काय पाहिलं ते त्याने कोणाला सांगायचं, आणि सांगितलं तर ऐकणार कोण? शोध घेत राहिलं की सकाळी उठायला कारण मिळतं, हे अनुभवाने सांगतो. रिपोर्ट बंद केले की ती खरोखर गेली असं व्हायचं. बायकोला मारणाऱ्या पिवळ्या डोळ्यांच्या त्या राक्षसावर जॉनला सूड हवा होता हे खरंच, पण मला वाटतं त्याला शोध संपायचीही भीती वाटत असणार.

माझी बहीण येऊन राहिली आणि मुलीचं सगळं तिने सांभाळलं, म्हणून आमचं निभावलं. जॉनपाशी पास्टर जिम होता, शिकारी मित्र बॉबी होता, पण दोन्ही मुलं आपल्याकडे घेऊन त्याला थांब म्हणणारं हक्काचं माणूस नव्हतं.

*

मी विरोधी मत मांडते. दुःख झालं म्हणून मुलांना मोटेलात टाकून जायचा परवाना मिळत नाही. 'बॅड बॉइज'मध्ये सोळा वर्षांचा डीन खाण्याचे पैसे जुगारात हरतो, मग ब्रेड आणि पीनट बटर चोरताना पकडला जातो, आणि जॉन म्हणतो, सडू दे तुरुंगात. १९९१ चा ख्रिसमस घ्या. बाप येत नाही, डीन दुसऱ्याच्या घरातून भेटवस्तू चोरून आणतो आणि त्या बाबांनीच आणल्या म्हणून धाकट्याला सांगतो. आणि ॲडमचं काय? त्या तिसऱ्या मुलाला जॉन बेसबॉलच्या सामन्याला नेतो, गाडी शिकवतो, शिकारीचा वाराही लागू देत नाही. म्हणजे नीट बाप होणं त्याला जमत होतं. मग या दोघांच्या वाट्याला ते का आलं नाही? वडिलांनी दुसरा संसार नीट केलेल्या घरातली मी मुलगी आहे. त्यामुळे डीन तो सामन्याचा फोटो बघतो तेव्हा मी डीनच्याच बाजूची असते.

*

धागा मी काढला आहे, म्हणून ॲडमबद्दल लिहितो. तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि जॉनच्या बचावासाठी तो मी खोडणार नाही. फक्त एक भर. जॉनचा स्वतःचा बाप, हेन्री, १९५८ मध्ये एका रात्री नाहीसा झाला आणि आपल्याला टाकून गेला असंच जॉन जन्मभर मानत राहिला. बाप घरात असतो म्हणजे काय करतो, हे त्याने फारसं पाहिलेलंच नव्हतं. ॲडमच्या वेळी तो ते शिकत होता, असं मला वाटतं. उशिरा, आणि भलत्या घरी.

*

सॅम कॉलेजला निघाला तेव्हा जॉनने त्याला सुनावलं, तसंच शिक्षणासाठी बाहेर पडताना आमच्याकडेही "गेलास तर परत येऊ नकोस" झालं होतं. म्हणून मी कायम सॅमच्या बाजूने मालिका पाहिली. 'बग्ज'मध्ये डीन त्याला सांगतो की तुमचं बोलणं बंद होतं तेव्हाही बाबा जमेल तेव्हा स्टॅनफर्डवरून (सॅमच्या विद्यापीठावरून) चक्कर मारायचे, तू सुखरूप आहेस ना बघायला. सॅम विचारतो, मग मला सांगितलं का नाही? मी टीव्हीसमोर तोच प्रश्न विचारत होतो. माझे वडील माझ्या एका मित्राला फोन करून माझी खबर घ्यायचे, हे मला ते गेल्यावर कळलं.

पाचव्या सीझनमधला 'द साँग रिमेन्स द सेम' बघाच. सॅम काळात मागे, १९७८ मध्ये जातो. तरुण जॉनला कळतं की या पोराला त्याच्या बापाने शिकारीत वाढवलं, आणि तो चिडून विचारतो की असला कसला बेजबाबदार बाप! जॉनला इतकं कठोर जॉननेच बोलावं... आणि सॅम त्याला सांगतो की वडील असे का वागले हे मला आता समजतं, मी माफ केलंय, फक्त त्यांना सांगायच्या आधी ते गेले. समोर तेच उभे आहेत, आणि त्यांना ते माहीत नाही. मी हा भाग एकट्याने पाहतो.

*

सगळ्यांनी लिहिलं, पण हॉस्पिटलचा प्रसंग कोणीच घेतला नाही. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. डीनचा जीव वाचवायला जॉनने त्या पिवळ्या डोळ्यांच्या राक्षसाशी, स्वतःचा आत्मा आणि राक्षसांनाही मारू शकणारी ती कोल्ट बंदूक देऊन सौदा केलेला आहे, मुलाला पत्ता नाही. तो म्हणतो, मी शिकारीहून मोडून पडून यायचो आणि तू लहानसा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचास, होईल ठीक, बाबा. खरं तर हे मी तुला म्हणायला हवं होतं. जॉनची भूमिका करणाऱ्या जेफ्री डीन मॉर्गनने हे रडं आवरत, जवळजवळ हसत म्हटलंय. डीनला बरं वाटत नाही, तो घाबरतो. बाप इतका हळवा बोलतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं त्याला कळतं.

आणि पुढच्याच मिनिटाला जॉन त्याच्या कानात सांगतो की सॅमला वाचव, नाहीतर तुलाच त्याला मारावं लागेल. ओझं टाकल्याची माफी मागतो आणि त्याहून मोठं ओझं टाकून जातो. त्या कुजबुजीसाठी मी त्याला माफ केलेलं नाही. आणि तो जमिनीवर कोसळतो, सॅमच्या हातातला कॉफीचा कप खाली पडतो, तेव्हा दर वेळी रडते.