शहराचा नंबर नको, आमच्या गल्लीचे आकडे द्या

पेठकर: २०१८ ला केंद्राच्या राहणीमान निर्देशांकात १११ शहरांत पुणं पहिलं आलं, २०२० च्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत दुसरं. बरं वाटलं, पण त्या नंबरचं आपण करायचं काय? सुखसोयींचं औंध आणि शहराच्या कडेची धायरी एकाच सरासरीत घातली की दोघांनाही उपयोग नाही. पाच-सहाच गोष्टी मोजा पण प्रभागवार मोजा आणि दर महिन्याला बोर्डावर लावा. पाणी कधी येतं नि किती वेळ, टँकर किती लागले, दिवे किती बंद, सलग चालता येईल असा फूटपाथ किती मीटर, तक्रारीपासून काम होईपर्यंत किती दिवस. माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष कागदावर आहेच, कुठल्या गल्लीत किती पोचतं ते कळायला नको?

कागद_नको: आकड्यांनी नळाला पाणी येत नाही हो. तक्रारींचंच घ्या, ज्यांना ॲप जमतं, इंजिनिअरचा नंबर ज्यांच्याकडे आहे तेच तक्रार करणार आणि वस्तीत संडासाच्या दाराची कडी तुटून महिने झाले तरी तिथून तक्रारी शून्य, म्हणजे तुमच्या नकाशात वस्ती हिरवीगार. परत मोजायला लागलं की सगळे आकडा सुधारायच्या मागे लागतात. आमच्याकडे ड्रेनेज तुंबलं, तक्रार टाकली, सकाळी मेसेज हजर, "निराकरण झाले". खाली घाण पाणी तसंच वाहत होतं आणि पोरं त्यातनंच शाळेत चालली होती.

पेठकर: मग तक्रारदाराने हो म्हटल्याशिवाय ती बंदच होऊ देऊ नका, आणि महिनाभरात तीच परत आली तर तीही मोजा. तक्रारी कमी म्हणजे भाग चांगला असं मी म्हणतच नाहीये.

आकडेमोड: दर हजार लोकांमागे किती वगैरेच्या नादी मात्र लागू नका. हाताशी जनगणना २०११ ची, त्यानंतर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं हद्दीत आली, शेतं होती तिथे टॉवर झाले. भाजकच चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाया. तास, दिवस, मीटर मोजा, त्याला लोकसंख्या लागत नाही.

टँकरवाली_सोसायटी: टँकरचं तर कुणाकडे मागायलाही नको, आमच्या वॉचमनच्या वहीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर सगळं असतं. आजूबाजूच्या सोसायट्यांनी वह्या एकत्र केल्या तर उन्हाळ्याचा पूर्ण हिशोब निघेल.

कागद_नको: आणि तो छापला की फ्लॅटचे भाव पाडून मागतील. कमिटीला चालेल?

टँकरवाली_सोसायटी: मला तरी चालेल. आम्ही घर घेतलं तेव्हा बिल्डर यातलं एक अक्षर बोलला नव्हता, पुढच्या माणसाला तरी कळू दे.

कागद_नको: ठीक आहे, पण काय मोजायचं हे वस्तीतल्या बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नका. रात्री संडासाकडे जाताना दिवा असतो का, सकाळी रांग किती, हे तुमच्या पाच-सहात कुठाय?

पेठकर: नाहीये, आणि ते सगळ्यात वर हवं. 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई रोज दारोदार जातात, त्यांनाही विचारू, फक्त मोजायच्या कामाचे त्यांना पैसे मिळाले पाहिजेत. बजेटसाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे, त्या अर्जाला हे आकडे जोडू.

कागद_नको: जोडा. पण पैसे आधी कुणाला, आकडे वाईट असलेल्या वॉर्डाला की जास्त अर्ज आलेल्या? हे आधी लेखी घ्या, नाहीतर यंदाही अर्ज भरणाऱ्यांच्याच दारात पेव्हर ब्लॉक पडतील.