बागा, मैदानं, तरण तलाव सगळ्यांना मोफत करावेत का? हरकती-सूचनांत काय लिहू?

पारंबी

आमच्याकडे सार्वजनिक बागा, मैदानं, खेळाचे कोर्ट आणि तरण तलाव यांचं प्रवेश शुल्क बंद करायचा प्रस्ताव आलाय. नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या आहेत. मी प्रस्तावाच्या बाजूची आहे. मूल खेळायला निघालं की आधी पैसे मोजावे लागतात, ही गोष्टच मला पटत नाही. पण "सगळं मोफत करा" एवढंच लिहून पाठवलं तर ते फायलीत जाऊन पडेल, म्हणून नीट मुद्दे हवेत.

विरोधात बोलणारे तीनच गोष्टी सांगतात. देखभालीला पैसा कुठून आणणार, गर्दी आणि नासधूस होईल, आणि जो बागेत पाऊल टाकत नाही त्याने करातून का भरायचं. शिवाय मधला मार्ग म्हणून काही जण सुचवताहेत की तिकीट राहू द्या, फक्त उत्पन्नाचा दाखला दाखवेल त्याला सवलत द्या. या कामातलं कुणाला आतून माहीत असेल तर सांगा.

खुरपं

मी उद्यान विभागातून निवृत्त झालो. बरीच वर्षं झाडांमागे, शेवटची काही तिकीट खिडकीवर.

खिडकीतून काय दिसतं ते सांगतो. माणूस थेट रांगेत येत नाही. लांबूनच दराची पाटी वाचतो, मग मागे वळून आपल्या माणसांवर नजर फिरवतो. ओठ हलतात, मनात गुणाकार चाललेला असतो. जमलं तर पुढे येतो. नाही जमलं तर बायको आणि पोरं आत जातात आणि तो बाहेर कट्ट्यावर बसून राहतो. माझ्या वहीत तेवढीच तिकिटं लागतात. कट्ट्यावरचा माणूस कुठल्याच वहीत नसतो, आणि पाटी वाचून जी कुटुंबं तशीच माघारी फिरली ती तर नाहीच. वर बैठकीत मात्र त्याच वहीवर बोट ठेवून सांगितलं जायचं की तिकिटाबद्दल कुणाची तक्रार नाही. परत गेलेला माणूस तक्रार करायला थांबत नाही हो.

दुसरं फाटकांचं. आमच्या बागेला चारही बाजूंना फाटकं होती. खिडकी एकच, म्हणून बाकीच्या फाटकांना कायम कुलूप. मागच्या अंगाला राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अख्ख्या कुंपणाला वळसा घालून यावं लागे, म्हणून ती येतच नसत. मग मागचा कोपरा ओस पडला, आणि जिथे वर्दळ नाही तिथेच बाकं मोडली, दिवे फुटले. गर्दीने नासधूस होते असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की माझ्या डोळ्यांदेखत मोडतोड झाली ती सुनसान भागात. जिथे आजी-आजोबा बसलेले असतात तिथे झोपाळ्याची साखळी कुणी काढून नेत नाही.

आणि सूचना लिहिताना *निव्वळ* उत्पन्न विचारा. खिडकीवर दोन पाळ्यांची माणसं, फाटकावर तिकीट फाडणारा, रोजचा भरणा, तिकीट पुस्तकांची छपाई, वर्षाची तपासणी. हे सगळं वजा केल्यावर हातात काय राहतं ते कुणी मांडत नाही. तीच दोन माणसं पाणी घालायला आणि छाटणीला दिली तर बाग कशी राहील बघा.

दाखल्याची सवलत मात्र नको. मागे रांगेत वर्गातल्या मैत्रिणी उभ्या असताना मुलीने सवलतीचं कार्ड बाहेर काढायचं? कार्ड मुठीत घट्ट धरून "राहू दे, आज नको" म्हणत माघारी गेलेल्या मुली मी पाहिल्यात.

ताळेबंद

खुरपं यांचं बागेपुरतं पूर्ण मान्य. पण बाग आणि तरण तलाव एका ओळीत लिहू नका, तिथेच तुमची सूचना अडकेल. बागेत शंभर माणसं जास्त आली तर गवत दबेल. तलावात जास्त आली तर जीवावर बेतेल. पाणी सतत गाळणीतून फिरवावं लागतं, क्लोरीन दिवसातून पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, जीवरक्षक पूर्ण वेळ काठावर हवा. हा खर्च टाळता येत नाही.

इंग्लंडमध्ये 2009 साली 16 वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि 60 च्या पुढच्यांना पोहणं मोफत केलं होतं. 2010 च्या उन्हाळ्यात योजना गुंडाळली. सरकारने कारण दिलं की लाभ घेणाऱ्यांत आधीपासून पोहणारेच जास्त होते. म्हणजे नुसतं तिकीट बंद केल्याने नवा माणूस आपोआप पाण्यात उतरत नाही. त्याला शिकवणारा लागतो, जवळ तलाव लागतो, सोयीची वेळ लागते.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. अमेरिकेत 2004 च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानांत जमा होणाऱ्या शुल्कातला किमान 80 टक्के भाग साधारणपणे त्याच जागेवर खर्चाला राहतो. शुल्काच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम आधार आहे, कारण तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. तिकीट गेलं की बाग दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून, आणि काटछाट सुरू झाली की पहिली कात्री बागेलाच. म्हणून मोफत करा म्हणताना देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं स्वतंत्र खातं, आणि त्यातली रक्कम दुसऱ्या कामाला वळवायला बंदी, या दोन्ही गोष्टी त्याच ठरावात मागा. त्याशिवाय माझा पाठिंबा नाही.

पारंबी

हे फार उपयोगाचं आहे, दोघांचेही आभार. लेखाशीर्षाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तो पहिल्या परिच्छेदात घेते. आमच्याकडे आणखी एक तोडगा चर्चेत आहे, की आठवड्यातले एक-दोन दिवस मोफत आणि बाकी दिवस तिकीट. त्याबद्दल काय वाटतं?

जुनी पानं

हा तोडगा फार जुना आहे. इंग्लंडमधल्या डर्बी गावात 1840 साली जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने लोकांना बाग करून दिली, तिथे हेच होतं. आठवड्यातून दोन दिवस मोफत, बाकी दिवस देखभालीसाठी शुल्क. नंतर ते शुल्क गेलंच. अशा व्यवस्थेत एक बाग दोन वर्गांत वाटली जाते, पैसेवाल्यांचे दिवस वेगळे आणि बाकीच्यांचे वेगळे, आणि मोफतच्या दिवशी सगळी गर्दी एकदम. मला ते पटत नाही.

"जो येत नाही त्याने का भरायचं" याला उत्तर इंग्लंडमधल्याच बर्कनहेड गावात आहे. तिथली बाग 1847 साली खुली झाली, सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या पहिल्या बागांमध्ये तिचं नाव घेतात. 226 एकर जमीन घेतली, साधारण 125 एकरांवर सर्वांसाठी बाग केली आणि कडेची जमीन घरांसाठी विकून खर्चाची तोंडमिळवणी केली. बागेला लागून आहे म्हणूनच त्या जमिनीला भाव आला. म्हणजे बागेचा फायदा आत येणाऱ्यालाच होतो असं नाही. ज्याच्या खिडकीतून झाडं दिसतात त्याच्या घराची किंमत वाढते, तो एकदाही आत गेला नाही तरी. मग त्याने मालमत्ता करातून वाटा उचलला तर त्यात अन्याय कसला? उलट आज आपण लांबून चालत आलेल्याकडून फाटकावर पैसे घेतो आणि समोरच्या गॅलरीत बसलेल्याला काहीच विचारत नाही.

पहाटवारा

धावणारी आहे, म्हणून एक जोडते. 2016 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक गिफर्ड इथल्या स्थानिक परिषदेने दर शनिवारी होणाऱ्या मोफत सामूहिक धावण्याकडून, म्हणजे पार्करनकडून, देखभालीचा वाटा मागायचा ठराव केला. स्वयंसेवकांनी चालवलेला उपक्रम, धावणाऱ्यांकडून एक पैसाही घेत नाही. परिणाम काय, तिथलं धावणं बंद पडलं. पायवाट झिजते हे परिषदेचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ती वाट लोकांनी चालण्या-धावण्यासाठीच केलेली असते ना!

माझी रेषा अशी: जो जागा अडवतो त्याने द्यावं. लग्नाच्या फोटोंसाठी कोपरा बंद करणारे, कंपनीची स्पर्धा भरवणारे, संध्याकाळी दिवे लावून कोर्ट फक्त स्वतःच्या गटासाठी राखून ठेवणारे, यांच्याकडून खुशाल घ्या. नुसतं येणाऱ्याकडून, बसणाऱ्याकडून, खेळणाऱ्याकडून काही घेऊ नका.

पारंबी

मसुदा तयार होतोय. बागा आणि मैदानं लगेच मोफत, फाटकं सगळी उघडी, जागा राखून घेणाऱ्यांना भाडं, देखभालीचा पैसा ठरावातच बांधलेला. राहिला तलाव. ताळेबंद म्हणतात तसं तो वेगळा लिहायचा, पण तिकीट ठेवायला माझं मन होत नाही.

खुरपं

ठेवू नका. टोकन द्या, बिनपैशाचं. प्रत्येक पाळीला तलाव झेपेल तेवढीच टोकनं, ती संपली की पुढची पाळी. मात्र "आधी येईल त्याला" एवढंच लिहिलंत तर रोजचे पोहणारे सगळी टोकनं घेऊन जातील आणि इंग्लंडसारखीच गत होईल. म्हणून काही पाळ्या फक्त पोहता न येणाऱ्यांच्या, शिकवणाऱ्यासकट. एखादी बायकांची, शिकवणारीही बाईच. आणि कामावरून सुटणाऱ्यांसाठी रात्रीची एक ठेवा, दुपारी रिकामा तलाव कुणाच्या कामाचा नाही.

मसुद्यात शौचालय आणि पिण्याच्या पाण्याचा नळ आहे का? नसेल तर घाला, तेही मोफत आणि बाग उघडी असेपर्यंत चालू. शौचालयाला पैसे पडले किंवा कुलूप असलं की लहान मुलांना घेऊन आलेल्या बायका तासाभरात उठून जातात. मसुदा इथे टाका, पाठवायच्या आधी मी वाचून देतो.