विषय: ‘तुमच्या देशात म्हणे…’

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीवर कार्यक्रमांच्या निरोपांत हे पत्र जरा वेगळं वाटेल, पण आणखी कुठे विचारावं ते कळेना. अलीकडे इथे अमेरिकेत ऑफिसात, शेजारीपाजारी, मुलाच्या शाळेत, कुठेही गेलो तरी भारताचा विषय निघतो, आणि निघतो तो बहुतेक वेळा कडवटपणेच. फोनवरून गंडा घालणाऱ्यांची कोणी आपल्या उच्चारात नक्कल करतं, आणि वर ‘गंमत केली रे’ म्हणतं. कोणी व्हिसावरून टोमणा मारतं. गेल्या शनिवारी शेजाऱ्यांकडे एका बाईंनी सगळ्यांदेखत माझ्या बायकोला विचारलं, ‘तुमच्याकडे बायकांना बाहेर पडायची सोय नाही ना? सुटलीस म्हणायची तू!’ ती कसनुसं हसली आणि गप्प राहिली. भांडण झालं ते घरी येताना गाडीत, आमचं दोघांचं. मी म्हटलं, तू उत्तर द्यायला हवं होतंस. ती म्हणाली, तू का नाही दिलंस?

मुलाची तर वेगळीच तऱ्हा. आठवीत आहे. वर्गात कोणी उच्चाराची टिंगल केली की सगळ्यात आधी हा हसतो. परवा मला म्हणाला, ‘पण मी कुठे तिथला आहे?’

तुम्ही अशा वेळी काय करता? ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला मला आईने फोनवर दिलेला आहे, तो सोडून काहीही सांगा.

– मंदार

प्रेषक: विवेक

मंदार, यात विचारायचं काय? ठणकावायचं! मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेलं, २०१४ साली. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तिथे त्याआधी कोणीच उतरलं नव्हतं. मी फोनमध्ये अशी यादीच करून ठेवली आहे, हवी असेल तर पाठवतो. आपण गप्प बसलो की ते बोलतात ते खरं ठरतं.

– विवेक

प्रेषक: सुलभा

विवेक, यादी मलाही पाठव, नातवाला उपयोगी पडेल. पण एखाद्याच्या म्हाताऱ्या आईचे साठवलेले पैसे फोनवरच्या चोराने लुबाडले असतील, तर त्याला चंद्र दाखवून काय होणार? तो चिडलेला आहे आणि त्याच्या चिडण्याला कारण आहे. त्याला आधी विचारावं, ‘तुमच्या घरात कोणाला असा फोन आला होता का?’ मी हे नेहमी विचारते. बहुतेकदा खरंच कोणाला तरी आलेला असतो. मग तो माणूस आपल्याशी नीट बोलायला लागतो. आणि तेव्हा सांगता येतं की ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या अशा कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनीच धाडी घातल्या होत्या, अमेरिकेचे आयकर अधिकारी असल्याची बतावणी करून पैसे उकळणारी टोळी होती ती. त्याच महिन्यात इकडे अमेरिकेतही मोठा खटला दाखल झाला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना २०१८ मध्ये शिक्षा झाल्या. चोर आपले होते, तसे पकडणारेही आपले होते. एवढं सांगितलं की मी थांबते.

नुसती नक्कल करून हसणाऱ्याला मात्र हे काही सांगत बसू नये. त्याच्याकडे न हसता बघावं आणि ‘हं, पुढे?’ म्हणावं. पुढे काही नसतं.

आता जरा जुनं सांगते, कारण तुम्ही मुलं हे सगळं नवीन असल्यासारखं बोलता. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत ‘जर्सी जर्नल’मध्ये एक पत्र छापून आलं. स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्यांचं. डॉट म्हणजे आपल्या कपाळावरची टिकली. भारतीयांना या गावातून घालवायला आम्ही कुठल्याही थराला जाऊ, असं त्यात उघड लिहिलं होतं. त्याच सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला रस्त्यात मारहाण झाली आणि चार दिवसांनी तो गेला. खटला चालला, पण खून केल्याबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही. तो पारशी होता. टिकलीचा आणि त्याचा काय संबंध? मारणाऱ्यांना असली चौकशी करायची नसते. तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणी बाहेर पडताना टिकली काढून ठेवायच्या. मला त्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. जिवावरचं आहे असं वाटलं तर वाद घालायचा नाही, तिथून निघायचं, उजेडात आणि माणसांत जायचं, तारीख-वेळ-शब्द लिहून ठेवायचे आणि पोलिसांत नोंद करायची. ‘कशाला उगाच’ म्हणून नोंद न करणं, ही आपली फार जुनी खोड आहे.

तुझ्या शेजारणीचं प्रकरण यातलं नव्हे, मंदार. ते नुसतं आगाऊपणाचं. पण दोन्हींना एकच औषध द्यायला जाऊ नये, म्हणून हे सांगितलं.

– सुलभा

प्रेषक: विवेक

ताई, मान्य. पण व्हिसाचं काय? तिथे कोणाच्या आईला कोणी लुबाडलेलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या, म्हणजे इथे नोकरीसाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हापासून आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत लोक तोंडावर बोलायला लागलेत. मी इथे कर भरतो, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, आणि वर यांचं ऐकूनही घ्यायचं?

– विवेक

प्रेषक: अनघा

सप्रेम नमस्कार,

विवेक, ऐकून घेऊ नकोस, पण आकडे नीट घेऊन जा. तुझ्या गेल्या महिन्यातल्या वादाची हकीकत तूच सांगितली होतीस, म्हणून लिहिते. दरवर्षीची मर्यादा ८५ हजारांची आहे: ६५ हजार सर्वसाधारण आणि २० हजार इथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी. मंजूर अर्जांपैकी साधारण ७० टक्क्यांहून जास्त भारतात जन्मलेल्यांचे असतात, हेही खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. फक्त त्या एकूण मंजुऱ्यांत नूतनीकरणंच अधिक असतात, म्हणजे दरवर्षी लाखो नवी माणसं येतात हे चूक. आणि कोणत्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत ढोबळमानाने सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे आपली रांग हलत नाही. हे समोरच्याला बहुधा माहीतच नसतं. त्याला वाटतं आपण उतरलो की लगेच कायमचे.

पण आणखी एक गोष्ट. २०१५ च्या आसपास काही मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी आपल्या आयटीतल्या लोकांना काढलं आणि जाण्यापूर्वी त्यांच्याकडूनच व्हिसावर आलेल्यांना काम शिकवून घेतलं. सिनेटच्या समितीपुढेही हा विषय आला. ज्याने आपल्याच जागेवर येणाऱ्याला काम शिकवलं, त्याला भारताबद्दल प्रेम वाटावं अशी अपेक्षा मी करणार नाही. निर्णय त्याच्या कंपनीचा होता, शिकणारा मुलगाही त्या व्हिसाच्या दोरीने मालकाला बांधलेला होता. एवढं शांतपणे बोलता आलं तर त्या टेबलावर दोघांना एकमेकांची बाजू कळते. नाही आलं तर सोड. जेवणाची सुट्टी आहे, लोकसभा नाही.

मंदार, तुझ्या बायकोच्या जागी मी बऱ्याचदा बसले आहे. त्या प्रश्नाची अडचण अशी की तो पूर्ण खोटा नाही. ‘असं काही नसतं हो’ म्हटलं तर आपण खोटं बोलतो, आणि ‘हो ना, भयंकर’ म्हटलं तर आपल्या आया-बहिणींना बिचाऱ्या ठरवून मोकळ्या होतो. मी सांगते ते असं: डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत तो सामूहिक बलात्काराचा प्रकार झाला तेव्हा थंडीत रस्त्यावर उतरलेल्या मुली भारतीयच होत्या. न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायदा बदलला. म्हणजे हा प्रश्न आम्ही स्वतःला तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात विचारलेला आहे. उत्तर अजून अपुरं आहे, पण ‘सुटलीस’ वगैरे म्हणायचं कारण नाही. तिथे माझी बहीण आहे, रोज लोकलने कामावर जाते, आणि तिची दया कोणी केलेली तिला खपत नाही.

आणि हाच प्रश्न कधी कधी सरळ द्वेषाच्या वळणावर जातो. २०१५ मध्ये जर्मनीत लाइपझिश विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने एका भारतीय विद्यार्थ्याचा इंटर्नशिपचा अर्ज नाकारताना भारतातल्या बलात्कारांचं कारण दिलं होतं. म्हणजे त्या मुलाने काही केलेलं नाही, तो फक्त तिथला पुरुष. त्यावर भारतातल्या जर्मन राजदूतांनीच तिला खरमरीत पत्र लिहिलं आणि तिने माफी मागितली. मला फरक ओळखायला ही गोष्ट उपयोगी पडते. बोलणारा देशातल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोलतोय, की ती गोष्ट समोरच्या माणसाच्या माथी मारतोय? पहिल्याशी मी तासभर बोलेन. दुसऱ्याला एकच वाक्य: ‘हे तुम्ही माझ्याबद्दल म्हणताय का?’ बहुतेक जण तिथेच अडखळतात.

जाता जाता, आपल्यातलंच एक जुनं भांडण आठवतं. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत हिंदू विधवांच्या हालांवर पुस्तक लिहिलं, त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. पुढे १८९५ मध्ये विवेकानंदांची ब्रुकलिनमध्ये व्याख्यानं झाली, तेव्हा रमाबाईंच्या कामाला मदत करणाऱ्या तिथल्या रमाबाई मंडळातल्या बायकांशी त्यांची चांगलीच जुंपली. परक्यांपुढे घरचं दुखणं उघडं करावं की घराची बाजू घ्यावी? रमाबाईंना पुष्कळांनी घरभेदी ठरवलं. मला विचाराल तर मी रमाबाईंकडून आहे, पण विवेकानंद का चिडले तेही मला त्या शेजाऱ्यांसारख्या घरी बसलं की बरोबर समजतं.

– अनघा

प्रेषक: शिरीष (मेलबर्न)

मंडळ सोडून वर्षं झाली तरी यादीवरून नाव काढलेलं नाही, ते बरंच केलं म्हणायचं.

इकडे २००९ मध्ये विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा मुलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपाशी चौकात ठाण मांडून बसली होती. अमिताभ बच्चनने ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नाकारली त्याच सुमाराला. आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घालून लिहिलं होतं की ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले नाहीत तेवढे हे पाच वर्षांत आले. गंमत म्हणजे आमच्या गल्लीतले ग्रीक आजोबा ते पत्रक घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, आमच्या वेळी आम्हाला असंच म्हणायचे. आजोबांशी याआधी माझं बोलणं म्हणजे कुंपणावरून ‘कसं काय’, एवढंच. तेव्हा यादी-बिदी ठीक आहे विवेक, पण ओळखी कर.

– शिरीष

प्रेषक: ईशान

नमस्कार, मी यादीवर फक्त वाचतो. माझं लिहिलेलं मराठी सांभाळून घ्या.

मंदारकाका, मी पण आठवीत असंच हसायचो. कारण आधी आपण हसलो की ती टिंगल आपल्यावर राहत नाही, ती दुसऱ्या कोणावर जाते. बाबा मला तेव्हा संस्कृतीबद्दल खूप सांगायचे. उपयोग झाला नाही, कारण मला संस्कृतीची लाज नव्हती वाटत, एकटं पडायची भीती वाटत होती. वर्गातला दुसरा एक मुलगा एकदा म्हणाला, ‘हे काही मजेशीर नाही’, आणि तो भारतीय नव्हता. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

दुसरी गोष्ट सांगितली तर तुम्हाला राग येईल कदाचित. आपल्या घरांत चिनी लोकांच्या बोलण्याची नक्कल होते. काळ्या लोकांबद्दल काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. मग शाळेत आमची नक्कल झाली की आम्ही कुठल्या तोंडाने चिडायचं? आणि मोठी माणसं कोणी त्रास दिला की म्हणतात, ‘अहो, आम्ही ते नाही, आम्ही हे.’ फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला यांना बारमध्ये गोळी घातली. मारणारा नंतर म्हणाला की त्याने इराणी लोकांना मारलं. समजा कोणी त्याला सांगितलं असतं की हे इराणी नाहीत, तर मग एखाद्या इराणी माणसाला मारणं चाललं असतं का? त्या रात्री इयन ग्रिलोट नावाचा माणूस मध्ये पडला आणि त्यालाही गोळी लागली. तो वाचला. त्याने कोण कुठला ते विचारलं नव्हतं.

तुमच्या मुलाला माझा नंबर द्या. त्याला हवं असेल तरच.

– ईशान

प्रेषक: मंदार

सगळ्यांचे आभार. ईशान, राग आला नाही. म्हणजे थोडा आला, मग बायकोने आमच्याच घरातली दोन-तीन वाक्यं म्हणून दाखवली.

अनघाताईंचं पत्र तिने छापून घेतलं आहे. ‘हे तुम्ही माझ्याबद्दल म्हणताय का?’ हे तिला पटलं, मला वाटतं मला मात्र ते वेळेवर सुचणार नाही. शाळेच्या समुपदेशक बाईंची वेळ घेतली आहे, पुढच्या गुरुवारी. मुलगा म्हणतो, प्रकरण मोठं करू नका. काय बोलायचं, किती बोलायचं, आणि त्याला बरोबर न्यायचं की नाही, काही ठरत नाही. बायकोला त्या दिवशी सुट्टी मिळत नाहीये.

– मंदार

प्रेषक: सुलभा

मुलाला आधी विचार, तो येतो म्हणाला तर ने. नाही म्हणाला तर त्याचं नाव न घेता वर्गात काय चालतं तेवढंच सांग. काय म्हणाले, कधी म्हणाले, तेव्हा शिक्षक वर्गात होते का, हे कागदावर लिहून ने. ‘आमच्या संस्कृतीचा अपमान’ हे शब्द वापरू नकोस, ते ऐकून लोक मान डोलावतात आणि फाइल बंद करतात. ‘एका मुलाला रोज त्रास होतो आहे, शाळा काय करणार आणि कधीपर्यंत?’ असं विचार, आणि उत्तर ईमेलवर मागून घे.

एकटा जाऊ नकोस. गुरुवारी मी मोकळीच असते, किती वाजता ते कळव. गाडी तू चालव, मला त्या शाळेजवळ कधीच पार्किंग मिळत नाही.

– सुलभा