थीम पार्कचे वार्षिक पास: किंमत वाढवा, दिवस वाटून द्या, की पासच बंद करा?

तिकीटखिडकी:
ॲनाहाइमच्या डिस्नीलँडने जानेवारी २०२१ मध्ये जुने वार्षिक पास बंद केले आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'मॅजिक की' आली. तिच्या चार पायऱ्या होत्या: ड्रीम १,३९९ डॉलर, बिलीव्ह ९४९, एन्चँट ६४९ आणि फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी इमॅजिन ३९९. पास हातात असला तरी ज्या दिवशी जायचं त्या दिवसाचं आरक्षण आधी करावं लागतं. पासधारक चाहते यावर आजही नाराज आहेत. माझ्या मते आरक्षणाची पद्धत योग्यच आहे. गर्दीवर नुसती किंमत वाढवत राहणं हा इलाज नव्हे.

पासाचे पैसे एकदा भरले की पुढची प्रत्येक फेरी फुकट वाटते. १,३९९ डॉलरच्या पासावर वर्षात १४ फेऱ्या झाल्या तर एक फेरी १०० डॉलरला पडते, ४० झाल्या तर ३५ ला. पास जितका महाग, तितकी तो वसूल करायची ओढ जास्त. म्हणून किंमत वाढवली की पासधारकांची संख्या घटते, पण जे उरतात ते जास्त वेळा येतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. एका दिवसाचं तिकीट काढणारा सकाळी उद्यान उघडताना येतो आणि शेवटपर्यंत थांबतो, कारण त्याला त्या एका दिवसात सगळं बघायचं असतं. आसपास राहणारा पासधारक काम संपवून चार-पाचला येतो, दोन राइड, जेवण, आतषबाजी, की घरी. पाच ते नऊ या वेळात हे दोन्ही लोंढे एकमेकांवर चढतात. डिस्नीलँडची मेन स्ट्रीट आतषबाजीच्या आधी तासभर माणसांनी गच्च भरते. आतषबाजी संपल्यावर बाहेर पडणाऱ्यांसाठी दुकानांच्या मागची, एरवी कर्मचाऱ्यांसाठी असलेली वाट उघडून द्यावी लागते. दिवसभराचा एकूण आकडा बेताचा असला तरी त्या चार तासांत उद्यान तुंबतं. हे सावरायचं तर कोणत्या दिवशी किती पासधारक येणार हे आधी कळायला हवं, आणि ते आरक्षणाशिवाय कळत नाही.

शून्यप्रहर:
तीव्र असहमत. आरक्षण गर्दी मोजण्यासाठी असतं तर कोणाची तक्रार नव्हती. प्रत्यक्षात ते पासधारकाला मागे ढकलण्यासाठी वापरलं गेलं.

ड्रीम की विकताना 'बंदीचे दिवस नाहीत' असं सांगितलं होतं. लोकांनी १,३९९ डॉलर त्यासाठीच मोजले. मग कॅलेंडर उघडल्यावर दिसायचं की अमुक दिवस ड्रीम कीसाठी भरला, पण त्याच दिवसाची एकदिवसीय तिकिटं मात्र विक्रीला आहेत. म्हणजे उद्यान भरलेलं नव्हतं, फक्त पासधारकांचा कोटा संपला होता. हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि कंपनीने ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. वकिलांची फी आणि खर्च वजा जाता वाटणी सुमारे १ लाख ३ हजार पासधारकांत झाली, माणशी जेमतेम ६७ डॉलर. ऑगस्ट २०२२ मध्ये ड्रीम की जाऊन इन्स्पायर की आली, १,५९९ डॉलरची, तीही नाताळच्या आसपासचे दिवस वगळून. २०० डॉलर जास्त घेतले आणि दिवस कमी दिले.

त्याच ऑगस्टच्या तिमाही अहवालात कंपनीने डिस्नीलँडच्या बाबतीत 'उपस्थितीचं प्रतिकूल मिश्रण' असा उल्लेख केला. सरळ अर्थ असा की पासधारक जास्त आले आणि महाग तिकीटवाले कमी. जे लोक मंदीतही येतात, मुलांना घेऊन येतात आणि पुढे ती मुलं स्वतःची मुलं घेऊन येतात, त्यांना हिशेबात प्रतिकूल ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

अवकाशवेधी:
शून्यप्रहर, अन्यायाचं म्हणणं मान्य, पण धंद्याचं गणित वेगळं सांगतं. टोकियो डिस्नी रिसॉर्ट बघा. २०२० मध्ये बंद केलेले वार्षिक पास त्यांनी पुन्हा सुरू केलेच नाहीत. तिकिटाचे दर दिवसागणिक ठेवले. ऑक्टोबर २०२३ पासून प्रौढांसाठी ७,९०० ते १०,९०० येन. दिवसाला जास्तीत जास्त किती लोक घ्यायचे तो आकडाही खाली आणला.

२०१८-१९ मध्ये तिथे ३ कोटी २५ लाख लोक आले होते, २०२३-२४ मध्ये २ कोटी ७५ लाख. म्हणजे ५० लाख कमी. तरीही महसूल ५२,५६० कोटी येनवरून ६१,८५० कोटींवर गेला. माणशी खर्च ११,८१५ येनवरून १६,६४४. पासच नाही म्हटल्यावर कोटाही नको आणि कोर्टकचेरीही नको. सरळ तिकीट काढा आणि या.

गणिती:
टोकियोचे आकडे बरोबर आहेत, पण त्यातून पास बंद केल्याने फायदा झाला असं सिद्ध होत नाही. २०२३-२४ हे त्या उद्यानाच्या ४० व्या वर्धापनदिनाचं वर्ष होतं. येन घसरल्याने परदेशी पाहुणे वाढले होते. शिवाय मे २०२२ पासून राइडसाठी पैसे भरून रांग टाळायची सोय तिथे सुरू झाली होती, तीही माणशी खर्चात धरली जाते.

तोच प्रयोग अशी वाढलेली मागणी नसताना केला तर काय होतं ते अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्स या उद्यानांच्या साखळीत दिसलं. २०२२ मध्ये नव्या व्यवस्थापनाने स्वस्त पास आणि सवलती छाटल्या. उद्देश हाच, की गर्दी कमी व्हावी आणि माणशी खर्च वाढावा. २०२१ मध्ये २ कोटी ७७ लाख लोक आले होते, २०२२ मध्ये २ कोटी ५ लाख. महसूल सुमारे १५० कोटी डॉलरवरून १३६ कोटींवर आला. भागाकार केला तर माणशी ५४ चे ६६ डॉलर झाले, म्हणजे ठरवलेली गोष्ट साधली. पण लोक इतके गळले की एकूण बेरीज खाली गेली.

फरक कशाचा, तर टोकियोला जाणारा बराच मोठा वर्ग लांबून, मुक्कामाला येतो. सिक्स फ्लॅग्सचं गिऱ्हाईक गाडीने दीड-दोन तासांच्या टप्प्यातलं. त्याला पास स्वस्त म्हणूनच घ्यायचा असतो, आणि तो नाही मिळाला तर तो दुसरीकडे जातो. पासाचे पैसे हंगामाआधी हातात येतात हाही मुद्दा आहे. हिशेबात ते वर्षभर थोडे थोडे उत्पन्न म्हणून धरले जातात, पण रोकड आधीच आलेली असते. पावसाने आठवडा वाया गेला तरी ती परत जात नाही.

रांगेकरी:
सगळे किंमत आणि कोट्यावर बोलताहेत, आरक्षण प्रत्यक्षात कुठे बिघडतं ते कोणी सांगत नाही. ते बिघडतं गैरहजेरीत.

मॅजिक कीमध्ये वरच्या दोन पायऱ्यांना एकावेळी ६ आरक्षणं हातात ठेवता येत होती, एन्चँटला ४, इमॅजिनला २. आदल्या रात्री ११.५९ पर्यंत रद्द करायची मुभा. ९० दिवसांत तीनदा न जाता राहिलात तर ३० दिवस नवं आरक्षण बंद. ऐकायला कडक वाटतं, पण रद्द करायला काहीच किंमत नाही. म्हणून ज्याच्या हातात ६ आहेत तो पुढचे सहा शनिवार अडवून ठेवतो, जायचं की नाही ते शुक्रवारी रात्री ठरवतो आणि साडेअकराला सोडून देतो. कॅलेंडर तीन आठवडे 'भरलं' दिसतं आणि आदल्या रात्री उघडतं. जवळ राहणाऱ्याला ते चालतं. चार तास गाडी चालवून येणाऱ्या पासधारकाला त्या रिकाम्या जागेचा उपयोग शून्य.

उपाय विमान कंपन्यांचा आहे: गैरहजेरी गृहीत धरून जास्त जागा उघडणं. समजा पासधारकांसाठी १०,००० जागा आहेत आणि अनुभवाने १५ टक्के येत नाहीत. मग ११,७६५ आरक्षणं द्यायची. धोका असा की हवा छान पडली आणि फक्त ८ टक्केच गैरहजर राहिले, तर १०,८२४ येतात, म्हणजे ८२४ जास्त. त्यामुळे एकच टक्केवारी वर्षभर वापरून चालत नाही. वार, शाळेच्या सुट्ट्या, पावसाचा अंदाज आणि त्या दिवशी आतषबाजी आहे की नाही, यांवर ती वेगळी काढावी लागते.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे लवकर रद्द करणाऱ्याला काहीतरी द्या. सात दिवस आधी जागा सोडली तर एक जास्तीचं आरक्षण, आदल्या दिवशी सोडली तर अर्धी गैरहजेरी धरा. दंडापेक्षा हे लवकर लागू पडेल.

तिकीटखिडकी:
रांगेकरी, अर्ध्या गैरहजेरीची सूचना फार पटली. शून्यप्रहरांचा कोट्याचा मुद्दाही मी मान्य करतो. पासधारकांसाठी कोणत्या दिवशी किती जागा राखल्या आहेत ते पास विकतानाच छापून द्यायला हवं.

अवकाशवेधी:
पण किती माणसं आत आहेत यावरच रांग ठरत नाही. एका राइडमधून तासाला २,००० लोक जातात असं धरा. डिस्नीलँडमध्ये डिसेंबर २०२१ पासून विकत मिळणाऱ्या लाइटनिंग लेनला, म्हणजे पैसे भरून रांग टाळायच्या वेगळ्या वाटेला, त्यातली ७० टक्के जागा दिली, तर साध्या रांगेला तासाला ६०० जागा उरतात. साध्या रांगेत ३०० लोक उभे असले की अर्धा तास. ती लेन नसती तर तेच ३०० लोक नऊ मिनिटांत आत गेले असते. अर्थात सगळे एकाच रांगेत आले असते तर ती रांगही लांबली असती. तरी साधी रांग जेवढ्या लोकांची दिसते त्याच्या कितीतरी पट हळू सरकते, हे खरंच आहे. आणि गर्दीचा राग निघतो पासधारकांवर.

शून्यप्रहर:
हेच म्हणतोय. आणि उलट बाजूही बघा. ३१ मे २०१९ ला डिस्नीलँडमध्ये गॅलॅक्सीज एज हा स्टार वॉर्सवर बेतलेला नवा भाग उघडला तेव्हा २३ जूनपर्यंत त्या भागासाठी आरक्षण लागत होतं आणि बऱ्याच स्वस्त पासांना त्या उन्हाळ्यात बंदी होती. प्रचंड गर्दी होणार या धसक्याने इतरही आले नाहीत. त्या तिमाहीत कंपनीच्या अमेरिकेतल्या उद्यानांची उपस्थिती ३ टक्क्यांनी घटली. पासधारकांना दूर ठेवलं की बाकीचे आपोआप येतील, असं होत नाही. त्यापेक्षा दुपारी चारनंतरचा स्वस्त पास काढा. रोजच्या चाहत्याला तेवढंच हवं असतं.

रांगेकरी:
चारनंतरचा पास काढला तर पाच ते नऊचा तोच ढीग आणखी वाढेल, धागाकर्त्याने वर लिहिलंय तो. स्वस्त पास काढायचाच तर सकाळचा काढा: उघडल्यापासून दोनपर्यंत, सोमवार ते गुरुवार, आतषबाजी वगळून. लोक दोनला बाहेर पडतात की नाही ते बाहेर पडण्याच्या दाराशी स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही, आणि आज स्कॅनिंग फक्त आत येताना होतं. म्हणून सुरुवात गाडीतळापासून करावी. सकाळच्या पासावर पार्किंग अडीचपर्यंतच मोफत ठेवा, पुढे पूर्ण दर. गाडी हलवायची म्हटली की माणूस हलतो, आणि संध्याकाळी येणाऱ्यांना ती जागा रिकामी मिळते.

गणिती:
पार्किंगची अट चांगली आहे, पण वेळ अडीच ठेवू नका, साडेतीन ठेवा. दोनला राइडच्या रांगेत अडकलेला माणूस ट्रॅमची वाट बघून गाडीपर्यंत अर्ध्या तासात पोचत नाही, आणि त्याला दंड बसला की तो पुढच्या वर्षी पास घेत नाही.